उघडल्याची तारीख

रविवारी सकाळी बाबांनी कालच्या दुधाचं पातेलं तिच्या नाकाखाली धरलं आणि म्हणाले, "नासलंय का बघ गं." संचिता ओट्याला टेकून पेपर वाचत होती. पेपर खाली न ठेवता तिने मान थोडी पुढे केली, एक आखूड श्वास घेतला, जरा थांबून भुवया वर केल्या आणि म्हणाली, "बरंय की." हे सगळं तिला आता इतकं सफाईने जमत होतं की आपण ते करतोय हेही तिच्या ध्यानात येत नसे. बाबांनी पातेलं स्वतःच्या नाकाशी नेलं. मग ते तिच्याकडे बघत राहिले. किती वेळ, ते तिला नंतर कधीच नक्की आठवलं नाही. कधी वाटे, दोन-तीन सेकंद. कधी वाटे, शेजारच्यांच्या कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत. "सर्दी झालीय का तुला?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "हो, थोडी." त्यांनी पातेलं सिंकमध्ये ओतलं, नळ सोडला आणि पांढरं पाणी पूर्ण निघून जाईपर्यंत तिथेच उभे राहिले. चहा त्या दिवशी कोरा झाला.

एवढं सोडलं तर तो रविवार बाकीच्या रविवारांसारखाच होता. बाबांनी लिंबाच्या लोणच्याची नवी बरणी उघडली, तिच्यावर पांढऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवला आणि मार्करने लिहिलं, उघडल्याची तारीख अमुक, वापरावे तमुक तारखेपर्यंत. चौतीस वर्षं प्रयोगशाळेत नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावलेला माणूस, घरातल्या बरण्यांवरही लावायचा. मग ते तांब्या भरून आतल्या न्हाणीघरात गेले. ते न्हाणीघर आईचं. आई जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून ते कुणी वापरत नव्हतं, पण दर रविवारी बाबा आत जाऊन जमिनीवरच्या जाळीत तांब्याभर पाणी हळूहळू ओतायचे आणि दार ओढून घ्यायचे. संचिताने त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. घरात दोनच माणसं उरली की काही गोष्टी विचारायच्या नसतात, असं तिचं मत होतं. दुपारी जेवताना बाबा म्हणाले, "तुझी ती मशीनं घेऊन एकदा आमच्या लॅबला ये. तुझ्या मशीनला सापडणार नाही अशी एक गंमत दाखवतो." ती म्हणाली, मार्चमध्ये बघू, आता कामं फार आहेत. ते म्हणाले, "मार्च तर मार्च. मी काय पळून जातोय?" आणि ताकाची वाटी तोंडाला लावली.

सोमवारी सकाळी ते कोपरच्या रिक्षास्टँडवर रांगेत उभे होते. बसावंसं वाटलं म्हणून शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि उठले नाहीत. त्या वेळी संचिता कल्याणच्या एका कचेरीच्या तळघरात यंत्र हातात धरून हवेतला कर्बवायू मोजत होती, आणि तिचा फोन बॅगेत होता, आणि बॅग वरच्या मजल्यावर.

पुढच्या सहा आठवड्यांत तिच्या डोक्यात जे चाललं होतं त्याला दुःख म्हणावं की नाही याबद्दल तिचा गोंधळच होता. दुःखाविषयी तिने पुष्कळ वाचलं होतं. आईच्या वेळी तर ते जसं लिहिलेलं असतं तसंच आलं होतं, घशापाशी, ठरल्या वेळी, पाहुणे गेल्यावर. या वेळी मात्र ती सारखी एकाच ठिकाणी परत येत होती: पातेलं, तिची पुढे केलेली मान, आणि बाबांची नजर. त्या नजरेत काय होतं? ती नजर डोळ्यांपुढे आणावी तर ती प्रत्येक वेळी वेगळीच दिसे. कधी नुसतीच विचारमग्न, नव्या दुधवाल्याचा विचार करणारी. कधी तिला वाटे की त्या नजरेला सगळं ठाऊक होतं, आणि ती फक्त वाट बघत होती. आणि सांगायचं म्हटलं तर ती गोष्ट तरी केवढी! चार वर्षांपूर्वी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, दोघंही एकदमच आजारी पडले. दोघांचाही वास गेला. बाबांचा बाराव्या दिवशी परत आला. हिंगाची डबी उघडून ते लहान मुलासारखे ओरडले होते. मग रोज सकाळी ते तिच्यापुढे काहीतरी धरायचे. हिंग, कापूर, साबणाची वडी, एकदा तर फिनेलची बाटली. "आला का?" त्यांच्या तोंडावर रोज सकाळी इतकी आशा असे की विसाव्या दिवशी, लवंगांची पुडी नाकाशी असताना, ती म्हणाली, "आला." ते रडलेच. तेवढ्यासाठी ती खोटं बोलली. येईलच की आठ-पंधरा दिवसांत, तेव्हा आपोआप खरं होईल, असं तिने धरलं होतं. ते खरं झालंच नाही.

तिचं काम बंद इमारतींमधली हवा तपासण्याचं. कुठे माणसांची डोकी दुखतात, डोळे चुरचुरतात, कुठे दुपारनंतर सगळी पेंगतात, तिथे तिला बोलावतात. त्या कामात यंत्रं असतातच, पण तिचं नाव झालं ते नाकामुळे. दारातून आत पाऊल टाकल्याबरोबर ती सांगायची: गालिच्याखाली ओल आहे, किंवा छताच्या पोकळीत उंदीर मेलाय, किंवा खालच्या छापखान्याची हवा जिन्याने वर येतेय. ते नाक बाबांचं होतं, सगळे म्हणायचे. अहवालात एक रकाना असायचा, 'प्रत्यक्ष जाणवलेला वास'. चार वर्षं तो रकाना ती माणसांची तोंडं बघून भरत होती. कोण कुठे नाक मुरडतो, कोण कुठल्या खुर्चीत बसायचं टाळतो, कुणाच्या टेबलावर अत्तराची बाटली आहे. आतापर्यंत चुकली नव्हती, किंवा चुकली असेल तर कुणी सांगितलं नव्हतं. आणि हवा तिच्यापुरती काचेसारखी झाली होती. पलीकडचं सगळं दिसायचं, फक्त येत काही नव्हतं. अधूनमधून, महिन्या-दोन महिन्यांनी, कुठूनतरी एखादा वास उगीचच उगवायचा, करपलेल्या जिऱ्याचा किंवा ओल्या घोंगडीचा, आणि ती चमकून उभी राहायची, आणि आजूबाजूला जिरंही नसायचं, घोंगडीही नसायची.

फोन आला तो बाबांच्या लॅबमधूनच. नंदा मॅडम, तिथल्या प्रमुख. बाबांच्या बोलण्यातून हे नाव तिने वर्षानुवर्षं ऐकलं होतं, तेराव्याला त्या येऊनही गेल्या होत्या. त्यांनी आधी चौकशी केली, मग जरा घुटमळून म्हणाल्या की इमारतीत तीनेक आठवड्यांपासून काहीतरी वास येतोय, दोघीतिघींना मळमळतं, एकीला तर परवा घरी पाठवावं लागलं. गॅसच्या नळ्या तपासल्या, शेगड्या तपासल्या, काही सापडत नाही. "उत्तमराव नेहमी तुमच्याबद्दल सांगायचे. म्हटलं, बाहेरचं कुणी बोलावण्यापेक्षा…" आणि त्या थांबल्या. संचिता लगेच हो म्हणाली. का, ते तिने स्वतःला दोन-तीन प्रकारे सांगून पाहिलं. बाबांनी बोलावलं होतं, म्हणून. मार्च होता, म्हणून. पण त्यांच्याखाली आणखी एक कारण होतं, आणि ते तिला फारसं शोभेसं वाटत नव्हतं: चौतीस वर्षं बाबा त्या हवेत होते, आम्लांच्या वाफांत, बाटल्यांच्या कपाटांशेजारी. त्या इमारतीच्या हवेत काही असेल, एखादा आकडा सापडला, तर निदान कशाने गेले ते तरी कळेल, आणि दोष त्या आकड्याचा ठरेल. नाहीतर तो पायरीवर बसलेला माणूस आणि तळघरात यंत्र धरून उभी राहिलेली बाई, यांच्यामध्ये काहीच नव्हतं.

खोपटच्या एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत ती चार मजली इमारत होती. पाणी आणि खाण्याचे पदार्थ तपासायची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर. संचिता तिथे लहानपणी एकदाच आलेली होती, तेव्हा बाबांनी तिला निळ्याचं गुलाबी होणारं पाणी दाखवलं होतं. आता सगळं बदललं होतं, खिडक्या बंद करून एसी बसवले होते, एका भिंतीला काचेची तीन धुराडी होती, म्हणजे जिथे उग्र रसायनं हाताळायची ती कपाटं, आतली हवा ओढून गच्चीवर सोडणारी. त्यांचा घोंगाट सतत चालू. आणि खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात, जिथे जमिनीवर पिवळा चौकोन रंगवला होता आणि वर दांडी ओढायचा शॉवर होता, अंगावर काही सांडलं तर धावत जाऊन उभं राहायचा, तिथे एका उंच स्टुलावर बाबांचा फोटो होता. स्टुलावर पांढरं कापड, पार जमिनीला टेकलेलं. फोटोला हार. हार ताजा होता. तिने हात जोडले आणि नंतर तिला कळेना की आपण हात कुणाला जोडले. फोटोतला माणूस ओळखपत्रासाठी काढलेल्या चेहऱ्याने तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत होता. "इथे जागा मोकळी होती ना," नंदा मॅडम म्हणाल्या, "आणि दारातून सगळ्यांना दिसतात." तेवढ्यात तिला चंदनाचा वास आला. स्वच्छ, ओळखीचा, बाबांच्या रुमालाचा. तिने इकडेतिकडे पाहिलं. उदबत्ती कुठेच नव्हती, आणि असती तरी तिला कळली नसती. वास आला तसा गेला, आणि ती यंत्राची पेटी उघडायला खाली बसली.

दोन दिवस ती मोजत होती. कर्बवायू, रसायनांच्या वाफा, धुळीचे कण, गटारात होतो तो गंधकाचा वायू. दर अर्ध्या तासाने, प्रत्येक टेबलापाशी, माणसांच्या नाकाच्या उंचीवर. आकडे सगळे चांगले होते. इतके चांगले की खुद्द तिच्या कचेरीत नसतील. वाफा शून्य. गंधकाचा वायू शून्य पूर्णांक शून्य. तिला ठाऊक होतं की या शून्याला फारसा अर्थ नसतो, त्या वायूच्या बाबतीत माणसाचं नाक यंत्रापेक्षा कितीतरी तेज. यंत्राचा पहिला आकडा उमटायच्या कितीतरी आधी माणूस नाक दाबतो. पण माणूस नाक दाबत होता कुठे? तेच तिला समजेना. प्राप्ती नावाची एक मुलगी होती, बाबांच्या हाताखाली तयार झालेली, तीच तिला सगळीकडे फिरवत होती. "तीननंतर जास्त येतो मॅडम," ती सांगायची. "कालपण आलेला. मी तर मास्क लावून बसलेली." कुठे जास्त येतो असं विचारलं की ती नंदा मॅडमकडे बघायची आणि म्हणायची, "असा… सगळीकडेच." मग वजनकाट्यांच्या खोलीत न्यायची. मग साठवणीच्या खोलीत. मग परत जिन्यात. दुपारी तीनला प्राप्तीने तिच्याकडे वळून विचारलं, "आता येतोय ना?" आणि संचिता जरा थांबून म्हणाली, "हो. हलका आहे." प्राप्तीच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटलं, हलका कसा म्हणतात या, असं.

त्या आश्चर्याने संचिताची झोपच उडाली असती, पण झोप तशीही नव्हती. तिला वाटू लागलं की ही माणसं तिच्यापासून काहीतरी लपवताहेत. ती खोलीत शिरली की बोलणं थांबे. साफसफाई करणाऱ्या मनुबाई, खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या, वयाने बाबांच्याच आसपास, लादी पुसता पुसता तिच्याकडे बघत आणि नजर मिळाली की बादली उचलत. एकदा तिने ओझरतं ऐकलं, "काका गेल्यापासूनच ना", आणि मग "शू". म्हणजे काय? काका गेल्यापासून वास येतो, म्हणजे या शिकलेल्या मुली काय समजताहेत? की त्यांना कळलंय, बाबांनी सांगून ठेवलंय, की माझ्या मुलीला वास येत नाही, सांभाळून घ्या? की उलट, ते तिची परीक्षा घेताहेत, नसलेला वास विचारून? वास आहेच कशावरून? एका खोलीत सात माणसं म्हणतात आहे, यंत्र म्हणतं नाही, आणि जिच्या शब्दावर निकाल लागायचा तिला काचेपलीकडे ठेवलेलं. आणि मधेच तो चंदनाचा वास, फक्त तिला आलेला. खरा कोणता म्हणायचा?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन तिने अहवाल लिहायला घेतला. हवेत कोणताही दोष आढळला नाही, असं वाक्य लिहिलं आणि वाचत बसली. मग 'प्रत्यक्ष जाणवलेला वास' या रकान्यापुढे 'नाही' लिहिलं. मग ते खोडून 'सौम्य' लिहिलं. मग उठून फ्रिज उघडला. सहा आठवड्यांत तिने फ्रिजमधलं काही नीट पाहिलं नव्हतं. दाराच्या कप्प्यात, वरच्या फळीवर, डब्यांवर, बाटल्यांवर, अगदी बटरच्या वेष्टनावर, सगळीकडे बाबांच्या त्या पांढऱ्या पट्ट्या होत्या. उघडल्याची तारीख. वापरावे. उघडल्याची तारीख. वापरावे. काहींच्या तारखा उलटून गेल्या होत्या, त्या तिने एकेक बाहेर काढून ओट्यावर ठेवल्या आणि मग तिचा हात थांबला. या पट्ट्या बाबा कधीपासून लावायला लागले? नेहमीच लावायचे, असं ती धरून चालली होती. चौतीस वर्षांची सवय. पण आईच्या वेळी? आईच्या फडताळात पट्ट्या होत्या? तिने आईचं फडताळ आठवून पाहिलं. पितळी डबे, त्यावर काही नाही. आई हाताला येईल तो डबा उघडून नाकाशी न्यायची. तिने मसाल्याचे डबे काढले, मागचे, वर्षानुवर्षं न हललेले. एकावर पट्टी होती. दगडफुलाच्या डब्यावर. तारीख चार वर्षांपूर्वीच्या जूनमधली होती. ती आजारातून उठली मे महिन्यात. लवंगा मे महिन्यात. त्याआधीची एकही पट्टी तिला सापडली नाही. पण त्याआधीचं काहीच घरात उरलेलं नव्हतं, तेव्हा त्यावरून काय सिद्ध होतं? काहीच नाही. कदाचित बाबा सुरुवातीपासून लावायचे. कदाचित तिने लवंगांना "आला" म्हटल्यावर आठवड्याभरात त्यांनी लॅबमधून पांढऱ्या पट्टीचं एक रीळ घरी आणलं आणि चार वर्षं, न विचारता, तिला घरात काही नासकं खावं लागू नये अशी व्यवस्था करून ठेवली. मग दूध? दुधावर पट्टी नव्हती. दूध रोजचं. तेवढं एकच नाकाने ठरवायचं उरलेलं. ती ओट्यापाशी उभी राहून त्या तारखा परत परत वाचत होती, आणि कोणतीही एक गोष्ट ठरत नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती निरोप घ्यायलाच गेली. अहवाल बॅगेत होता, सही तेवढी बाकी. पण सवयीने तिने धुराची नळी काढली, बोटाएवढी काचेची, दाबली की पांढऱ्या धुराची रेघ सोडणारी, हवा कुठून कुठे जाते ते डोळ्याला दाखवणारी. दाराच्या फटीपाशी गुडघ्यावर बसून ती रेघेकडे बघत होती. रेघ दारातून आत वळली, काचेच्या धुराड्यांकडे. बरोबर. धुराडी ओढतात, त्यांना हवा कुठूनतरी हवीच. मनुबाई बादली घेऊन तिच्या शेजारी थांबल्या.

"तुजा बापूस पन असाच बसायचा, गुडघ्यावर," त्या म्हणाल्या.

संचिता नुसतीच हसली. मनुबाई हलल्या नाहीत. "ए बाय," त्या म्हणाल्या, "तीन दिस झाले, त्या डबीलाच इचारतंस. मानसाला एकदा इचार ना."

"काय विचारू?"

"वास तुज्या बापाच्या फोटूखालशी येतंय. सगल्यांना म्हायती हाय. पन तुला सांगाचा कसा?"

नंदा मॅडम त्यांच्या केबिनच्या दारात आलेल्या होत्या. त्यांनी "मनुबाई" असं म्हटलं, पण त्यात रागावण्याइतका जोर नव्हता. प्राप्ती तिच्या टेबलापाशी मान खाली घालून उभी होती आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग हळूहळू, एकमेकींची वाक्यं पुरी करत, त्यांनी सांगितलं. पंधराव्या दिवशी फोटो ठेवला आणि त्यानंतर आठवड्याभरात त्या कोपऱ्यातून वास सुरू झाला. फुलं कुजली असतील म्हणून हार रोज बदलला. कापड धुतलं. फोटो हलवायचं मात्र कुणाच्या मनाला येईना. काका तिथे बसलेत आणि तिथूनच वास येतो, हे तोंडातून काढायचं कसं, आणि तेही त्यांच्या मुलीसमोर? त्यांना वाटलं, ती आल्याबरोबर तिच्याच लक्षात येईल, आणि बोलायची वेळच येणार नाही. "तुम्ही तिथे हात जोडून उभ्या राहिलात," प्राप्ती म्हणाली, "इतका वास येत होता, आणि तुम्ही एकदम शांत. मला वाटलं, वडील आहेत, म्हणून तुम्ही सहन करताय."

"बापूस होता तवा नव्हता वास," मनुबाई म्हणाल्या. "सकालचा आला की देवाला दिवा लावायचा, मंग तांब्या घेवून चार जागी पानी वतायचा. फोटू हाय ना, तिथं. काट्याच्या खोलीत. त्या कपाटाच्या मागं. आनि जिन्याजवल. मना वाटला, तुमच्यात तसा करतान, देवाचा. दुसऱ्याच्या देवाचा आपन कसा करायचा? म्हनून मी हात नाय लावला."

नंदा मॅडमनाही तसंच वाटलं होतं. दिशांना अर्घ्य वगैरे देत असतील, आणि माणसाच्या धार्मिक बाबतीत विचारणं बरं दिसत नाही. प्राप्तीने एकदा चिडवलेलं, काका, झाडं कुठेत, नुसतंच पाणी? तेव्हा ते हसलेले फक्त, आणि म्हणालेले, माझी मुलगी येईल ना, तिला विचार.

संचिता जमिनीवरच बसून राहिली. हे तिच्या अभ्यासाच्या पहिल्या पुस्तकात होतं. जमिनीवरच्या प्रत्येक जाळीखाली नळीला एक बाक असतो, त्यात ओंजळ-दोन ओंजळ पाणी साचून राहतं, आणि खालच्या गटाराची हवा त्या पाण्यामुळे वर येत नाही. जाळी वापरात नसली की पाणी सुकतं. एसीत लवकर सुकतं. आणि धुराडी हवा मागत असतात, दाराच्या फटीतून मिळेल तशी, गटारातून मिळेल तशी. एवढंच. बाबांची गंमत हीच होती का? असेल. नसेलही. पण तिच्या मनात इमारतीचा विचार नव्हताच. तिला कोपरच्या घरातलं आतलं न्हाणीघर दिसत होतं, आणि दर रविवारचा तांब्या. ते आईसाठी आहे असं तिने अकरा वर्षं धरलं होतं. मनुबाईंनी आणि नंदा मॅडमनी जे केलं तेच तिने केलं होतं, शिकून सवरून, विचारणं बरं दिसत नाही म्हणून. आणि ते आईसाठीही नसेल कशावरून? सहा आठवड्यांत तिने ते दार उघडलंसुद्धा नव्हतं. मागच्या आठवड्यात मावसबहीण आली होती. आल्या आल्या तिने चारही खिडक्या उघडल्या, म्हणाली, किती कोंडून घेतलंयस गं, आणि चहाही न घेता निघाली. संचिताला तेव्हा वाटलं होतं, कामाची घाई असेल.

ती उठली. हार काढून तिने प्राप्तीकडे दिला, आणि फोटो दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला. मनुबाईंनी स्टूल सरकवलं, कापड ओढलं. खाली पिवळ्या चौकोनाच्या मधोमध जाळी होती, कोरडी, करडी. तीनही बायका एक पाऊल मागे सरकल्या, संचिता वाकली. फोटो एका हाताने सांभाळत तिने जाळीवर धुराची नळी दाबली. धूर खाली गेला नाही. तो सरळ वर उसळला, आडवा झाला आणि त्यांच्या गुडघ्यांमधून काचेच्या धुराड्यांकडे निघून गेला. मनुबाईंनी तांब्या आणला. बाबांचाच होता तो, देवाच्या फोटोशेजारी पालथा घातलेला. "तूच वत," त्या म्हणाल्या. तिने हळूहळू ओतलं, बाबा ओतायचे तसं, बारीक धार, आणि आत कुठेतरी खोल गुडगुड झाली आणि मग थांबली. तिने पुन्हा नळी दाबली. धूर जाळीवर नुसता पसरून राहिला, कुठे जावं ते न सुचल्यासारखा. मग त्या वजनकाट्यांच्या खोलीत गेल्या, कपाटामागे, जिन्याजवळ. चार जागी पाणी झालं. फोटो सगळा वेळ तिच्या हातात होता, आणि काचेची कड मनगटाला रुतत होती.

अर्ध्या तासाने सगळ्याजणी त्या कोपऱ्यापाशी परत उभ्या राहिल्या. त्यांची तोंडं तिच्याकडे होती. नंदा मॅडम म्हणाल्या, "आम्हाला काय, आता मनातही वास बसलाय, आमच्या नाकावर आमचाच भरवसा नाही. तुम्ही सांगा. गेला ना? तुम्ही म्हणालात की आम्ही निर्धास्त."

संचिताने मान थोडी पुढे केली. एक आखूड श्वास घेतला. जरा थांबली. भुवया वर जायला लागल्या, आणि तिथे, मध्येच, तिला पातेल्याची पितळी कड दिसली, आणि पातेल्यामागची ती नजर. ती नजर अजूनही काहीच सांगत नव्हती. फक्त थांबलेली होती. हो म्हटलं की संपलं. धूर खाली बसलाय, पाणी भरलंय, हो म्हणणं खोटंही ठरलं नसतं. तिने भुवया खाली आणल्या. श्वास सोडला. फोटो उलटा फिरवून आपल्याकडे तोंड केलं. प्राप्तीला काही कळेना, तिने मनुबाईंकडे पाहिलं.

"मला वास येत नाही," संचिता म्हणाली. आवाज बराच मोठा निघाला, धुराड्यांच्या घोंगाटावरून सगळ्यांना ऐकू जाईल इतका. "चार वर्षं झाली. लवंगांचाही आला नव्हता, बाबा. दूध नासलं होतं ना? मला नाही कळलं."